निलंबितपदी निवड झाल्याबद्दल

रामकिशनदादांना लाल कार्ड दाखवलं त्या क्षणी त्यांचे नवे व्याही मैदानाच्या भिंतीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते, ही माहिती आमच्यापैकी कुणालाच नव्हती. असती तर पंच बजरंग सरांनी कार्ड खिशातच ठेवलं असतं, असं मी म्हणणार नाही. सरांनी ते स्वतःच्या व्याह्यालाही दाखवलं असतं. ते शाळेत पीटी शिकवतात आणि लग्नात पंगत चुकीच्या टोकाकडून वाढायला घेतली तरी शिट्टी वाजवतात. पण निदान आम्ही व्याह्यांना तेवढ्यापुरतं चहाला तरी नेलं असतं.

गुन्हा तसा किरकोळ होता. दादांनी उमरीच्या एका खेळाडूला पाडलं, आणि तो उठायला लागला तेव्हा परत पाडलं. दादांचं म्हणणं असं, की पहिल्यांदा तो नीट पडला नव्हता.

आता दादांचा अर्धापूरचा संघ म्हणजे संघ नव्हे, भावकी आहे. गोलकीपर चुलतभाऊ, बचावाला दोन पुतणे, मध्ये मामेभाऊ आणि पुढे जावई. जावयाला बदली करून बाहेर बसवायचं नाही, हा त्यांचा एकमेव डावपेच. दादा तडक फाटकाकडे निघाले तसे मागोमाग सगळे निघाले. जावई जरा रेंगाळला, कारण तो गोल मारायच्या बेतात होता. पण सासऱ्यांनी वळून पाहिलं आणि त्यानं चेंडू तिथंच ठेवला. भिंतीवरच्या व्याह्यांनी धोतरावरची टरफलं झटकली आणि एवढंच म्हणाले, "चला, आपल्याला काय करायचंय."

मराठवाड्यात व्याही असं म्हणाला की पुढची तीन वर्षं बाद समजायची.

इथं माझा संबंध येतो. मी सुदर्शन. आठवडाभर नांदेडात मोटारपंपाच्या दुकानात 'ए सुदर्शन' असतो आणि रविवारी सकाळी गोदा-मांजरा हौशी फुटबॉल लीगचा शिस्त समिती प्रमुख असतो. नांदेड, लातूर, अर्धापूर, उमरी, हिमायतनगर असे पाच संघ. खेळाडू सगळे संसारी. निम्म्यांच्या गुडघ्यावर पट्टा आणि उरलेल्यांच्या पोटावर. शिस्तीचं पद माझ्याकडे आलं याचं कारण असं, की संपूर्ण लीगमध्ये माझ्यावर कुणाचाच राग नव्हता. मला आजवर कुणी खेळवलंच नव्हतं.

आणि मैदान अण्णारावांचं. म्हणजे त्यांच्या शिक्षण संस्थेचं, पण संस्था आणि अण्णाराव यांत फरक करणारा माणूस नांदेडात अजून जन्मायचा आहे. त्यांच्या पुतण्याला त्या जागेवर बॉक्स क्रिकेटचं टर्फ टाकायचं होतं. जाळी, दिवे, तासावर भाडं, सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं. गेल्या हंगामात दोन संघ कोपऱ्यातल्या झेंड्यांनी एकमेकांना मारत रस्त्यापर्यंत गेले, तेव्हा अण्णारावांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "पोरा, यंदा एक जरी संघ भांडून निघून गेला तर लीग मोडली असं मी समजेन. मग जागा पुतण्याची." 

मला दुसरं काहीच येत नाही. फुटबॉलही येत नाही. पण रविवारी त्या मैदानावर चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडे बघून आवाज कमी करतात, आणि तेवढ्यावर मी पुढचे सहा दिवस पंप विकतो. ते मैदान गेलं असतं तर मी नुसताच 'ए सुदर्शन' उरलो असतो. आणि एक अख्खा संघ आत्ताच निघून गेला होता.

संध्याकाळी मी घरी तोंड पाडून बसलो. माझी माय, कस्तुराबाई, म्हणाली, "शिस्त समिती, आधी ते बूट दारातून उचल." शेजारच्या साखरामावशी विरजण मागायला आल्या होत्या. मावशी विरजण मागायला येतात आणि दही लागेपर्यंत थांबतात.

"कस्तुरा, पोरगं असं कामून बसलंय?"

"एकाला खेळातून हाकललं म्हणं. तर त्याची सगळी भावकी उठून गेली."

"हाकललं?" मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "असं कोरडंच?"

"कोरडं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे टॉवेल-टोपी न्हाई, नारळ न्हाई, काहीच न्हाई?"

"मावशी, शिक्षा केली त्याला. बारशाला नव्हता आला तो."

"मग त्याचं बरोबर हाय. आमच्या ह्यांना रिटायर केलं तवा शाल घातली, नारळ दिला, साहेब चार शब्द बोलले. म्हणजे काय केलं? हाकललंच की. पण ह्यांना पहिली पेन्शन येईपर्यंत पत्ता लागला न्हाई."

माय म्हणाली, "तुमच्या ह्यांना अजूनबी लागला न्हाई." आणि दोघी हसल्या. पण मी हसलो नाही. शिस्तीच्या जागतिक इतिहासात हा मुद्दा कुणाच्या लक्षात आलेला नव्हता, आणि तो आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर असा पडून होता.

दुसऱ्या दिवशी दुकानातून तासाभराची सुट्टी काढून मी अर्धापूरला गेलो. रामकिशनदादा केळीच्या बागेत घड उतरवून घेत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण एक केळ पुढं केलं. आमच्याकडे माणूस कितीही रागावला तरी पाहुण्याला उपाशी ठेवून रागावत नाही.

"दादा, निलंबन तर होणारच. तीन सामने."

"केळ घ्या."

"नियमच आहे तसा."

"आणखी एक घ्या."

तिसरं केळ सोलता सोलता मी म्हणालो, "पण या वेळी बाजाप्ता करू म्हणतो. माईक लावून. शाल, श्रीफळ, टॉवेल-टोपी. सगळ्यांसमोर तुमच्या कार्याचा परिचय, मग निलंबन. व्याह्यांना पुढं खुर्ची."

दादांचा हात घडावर थांबला. "व्याह्याला बोलवायचं कुणी?"

"समितीतर्फे मी स्वतः जाईन."

"खुर्ची प्लास्टिकची का सोफा?"

"सोफा."

दादांनी घड खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "मग तीनच सामने कामून?"

पुढच्या रविवारी निलंबन सोहळा झाला. मी माईकवर दादांचा परिचय करून दिला, ज्या तडफेनं त्यांनी प्रतिस्पर्ध्याला एकदा सोडून दोनदा पाडलं त्या तडफेचा उल्लेख केला, आणि ही तडफ पुढचे तीन रविवार लीगला लाभणार नाही याबद्दल खेद व्यक्त केला. दादांनी पाडलेल्या खेळाडूच्याच हस्ते त्यांना हार घातला. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून दादांनी स्वतः मान खाली करून त्याला मदत केली. व्याह्यांनी सोफ्यावर बसून डोळ्याला रुमाल लावला. मग दादा हार घालूनच फाटकाबाहेर गेले. आमचा नियम आहे की निलंबित माणसानं शिक्षा संपेपर्यंत फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. पूर्वी निलंबित लोक रेषेवर उभे राहून आत खेळणाऱ्यांपेक्षा जास्त खेळायचे. समितीनं सोफा उचलून बाहेर नेला. दादा त्यावर बसले, भावकी आत येऊन खेळायला लागली, आणि जावयानं मागच्या आठवड्यातला राहिलेला गोल मारला.

मी त्या दिवशी घरी जाऊन मायला सगळं सांगितलं. माय म्हणाली, "लई चांगलं झालं. आता दळण आण."

गोष्ट इथंच संपायला हरकत नव्हती. पण बुधवारी अर्धापूरच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर दादा काळा गॉगल घालून फोनवर बोलत होते आणि खाली मजकूर होता : 'केळी उत्पादक, आमचे मार्गदर्शक मा. श्री. रामकिशनदादा यांची गोदा-मांजरा लीगच्या निलंबितपदी तीन सामन्यांसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त भावकी.'

त्या फ्लेक्सचा फोटो संध्याकाळपर्यंत पाचही तालुक्यांतल्या फोनवर पोचला, आणि तिथून लीगची घसरण सुरू झाली. घसरण म्हणावं की प्रगती, याबद्दल समितीत मतभेद आहेत. समितीत मी एकटाच आहे.

पुढच्या रविवारी हिमायतनगरचे तीन खेळाडू दाढी करून, इस्त्रीचे कपडे पिशवीत घालून आले. एकाची बायको, मेव्हणे आणि मेव्हण्यांची पोरं जीपनं आली होती. त्याचा हेतू काय आहे ते मला फाटकातच कळलं. सामना सुरू झाला आणि माणसं धडाधड पडायला लागली. पण कुणी कुणावर रागवेना. पाडणारा पाडायचा, लगेच हात देऊन उठवायचा, अंगावरची माती झाडून द्यायचा आणि मग दोघं मिळून बजरंग सरांकडे आशेनं बघायचे. पडणाऱ्यालाही हार घालण्याचा मान असल्यामुळं नीट पाडून घेण्याकडे कल वाढला होता. उमरीचा गोलकीपर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं कुणी येतच न्हाई हो. गोलकीपरनं गुन्हा करायचा कुठं?" मी त्याला धीर दिला. उत्तरार्धात तो गोल मोकळा सोडून मधल्या रेषेपर्यंत पळत गेला आणि आपल्याच माणसाला पाडून आला.

बजरंग सर यातलं खरं-खोटं निवडून काढायचे. नियमात बसेल तेवढंच कार्ड, एक मिलिमीटर जास्त नाही. तरी मागणी इतकी वाढली, की मला पायऱ्या ठरवाव्या लागल्या. लाल कार्डाला शाल-श्रीफळ, पिवळ्याला गुलाबाचं फूल आणि तोंडी समज दिली तर चहा. भांडणं मात्र पूर्ण थांबली. हे मी अभिमानानं सांगतो. ज्याला आपण पाडतो त्याच्याच हातून उद्या हार घालून घ्यायचा असेल, तर माणूस शिवी देताना दहा वेळा विचार करतो.

मग लातूरहून शिवप्पांचा फोन आला.

शिवप्पा लातूर संघाचे कप्तान. गंजगोलाईत त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि आमच्या सगळ्या शाली, टॉवेल, टोप्या तिथूनच यायच्या. माणूस असा की गिऱ्हाईकानं चाळीस लुगडी उलगडून एकही घेतलं नाही तरी त्याला ताक पाजून पाठवणार. पण त्या दिवशी आवाजात खरखर होती.

"सुदर्शनराव, शाली आमच्या दुकानच्या आणि खांदे सगळे नांदेड जिल्ह्यातले. हे कसं काय ओ?"

"शिवप्पा, तसं काही..."

"लातूरला आतापर्यंत एक निलंबन न्हाई. एक. आयुक्तालय लातूरला का नांदेडला, हे दुखणं आधीच हाय, त्यात हे. आमच्या मंडळींच्या माहेरचे उदगीरहून विचारून राहिलेत, की तुमच्या ह्यांना लीगमध्ये कुणी ओळखतं का न्हाई."

"शिवप्पा, मग करा की एखादा गुन्हा. कोण अडवतंय?"

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "तेच तर जमंना बघा."

आणि खरोखर जमेना. उमरीविरुद्धच्या सामन्यात शिवप्पा लांबून पळत आले, पाय उचलला आणि ऐन वेळी बाजूला होऊन म्हणाले, "सांभाळा ओ, लागंल." दुसऱ्यांदा त्यांनी एकाला ढकललं. तो पडला नाही, पण शिवप्पाच घाबरून खाली बसले. शेवटी ते बजरंग सरांसमोर छाती काढून उभे राहिले. भिंतीजवळ उदगीरचे सासरकडचे मान पुढं काढून बसले होते. शिवप्पा म्हणाले, "सर, तुमचा मघाचा निर्णय मला तितकासा पटला न्हाई."

सर म्हणाले, "विचार करतो," आणि त्यांच्याशी हात मिळवला.

मी सरांना बाजूला घेऊन विनवलं. सर म्हणाले, "सुदर्शन, याला मी चहासुद्धा देऊ शकत न्हाई. नियमात बसत न्हाई."

तेव्हा लातूरचा संघ उठला. शिवप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांनी बूट काढले, एकमेकांना बांधून खांद्यावर टाकले आणि फाटकाकडे निघाले. शिक्षा केली म्हणून अर्धापूर गेलं होतं. शिक्षा केली नाही म्हणून लातूर निघालं. आणि नेमकी त्याच वेळी फाटकासमोर अण्णारावांची पांढरी गाडी थांबली. मागच्या सीटवर पुतण्या होता. त्याच्या हातात मोजमापाची टेप होती.

अण्णारावांनी काच खाली केली. "भांडण झालं का?"

शिवप्पा म्हणाले, "भांडण जमलं असतं तर हे कशाला झालं असतं ओ?" आणि पुढं गेले.

अण्णारावांनी संध्याकाळी मला बंगल्यावर बोलावलं. मी मनातल्या मनात मैदानाला नमस्कार करून गेलो. अण्णाराव झोपाळ्यावर बसले होते. समोर टीपॉयवर त्यांचा फोन, आणि फोनवर रामकिशनदादांचा फ्लेक्स.

"पोरा, या मैदानाचा मालक कोण?"

"तुम्ही, अण्णा."

"अर्धापूरचा माणूस येऊन शाल घेऊन जातो. हिमायतनगरचे तिघं घेऊन जातेत. माझ्याच मैदानात, माझ्याच भिंतीला माईकची वायर बांधून. आणि मला एक साधा हार न्हाई. हे बरं दिसतं का?"

माझ्या डोक्यात हळूहळू उजाडलं. "अण्णा, तुमचा सत्कार कधीही करू. उद्या करू."

"सत्कार मला रोजच होतेत. निलंबन पाहिजे."

मी नम्रपणे समजावलं, की निलंबनासाठी आधी खेळाडू असावं लागतं. ते म्हणाले, "मग करा खेळाडू." मी म्हणालो, गुन्हाही करावा लागतो. यावर ते विचारात पडले. पुढं सोसायटीची निवडणूक होती. "गुन्हा आमच्या वतीनं पुतण्यानं केला तर चालंल का?"

मी म्हणालो की चालणार नाही. पण त्याच क्षणी मला दुसरीही गोष्ट सुचली. मी लातूरला फोन लावला, अण्णाराव स्वतः तुमच्याविरुद्ध उतरताहेत असं सांगितलं, आणि शिवप्पा "एवढ्या मोठ्या माणसासमोर न्हाई कसं म्हणावं" असं म्हणून परत यायला तयार झाले.

अशा रीतीनं पुढच्या रविवारी अण्णाराव नांदेड संघातून मैदानात उतरले. त्यांच्यासाठी जागा करायला एका माणसाला बाहेर बसावं लागलं. तो मी नव्हतो. मी आधीच बाहेर होतो. अण्णाराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्ता-पायजम्यात, पायात कोल्हापुरी, मधोमध उभे राहिले. त्यांच्याभोवती दहा फुटांवर कुणी येईना. चेंडू त्यांच्या दिशेनं गेला की दोन्ही संघ वाट करून द्यायचे आणि चेंडू सरळ बाहेर जायचा. अर्धा तास असाच गेला. मग एक उंच चेंडू येऊन थेट त्यांच्या छातीवर आदळला, कुर्त्यावर मातीचा गोल शिक्का उमटला, आणि अण्णारावांनी तो चेंडू दोन्ही हातांनी धरून काखेत मारला.

"आता खेळ पुढं न्यायचा न्हाई," ते म्हणाले. "आधी हा कुर्ता कुणी भरला ते सांगा."

बजरंग सर खिशात हात घालून पुढं येऊ लागले. तेवढ्यात शिवप्पा अण्णारावांसमोर येऊन उभे राहिले.

"अण्णा, चेंडू द्या ओ."

"न्हाई देत."

"तसं करू नका. चेंडू लातूरचा हाय. मी पदरचे पैसे घालून नवा आणलाय, आजच. काखेत दाबला तर शिलाई उसवते."

"उसवू दे."

शिवप्पांचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. लुगडी उलगडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ते ताक पाजतात, पण माल फाडणाऱ्याला पाजत असतील असं वाटत नाही. त्यांनी चेंडूला हात घातला. अण्णारावांनी सोडला नाही. "सोडा ओ," शिवप्पा ओढत म्हणाले. "सोडा म्हणतो ना. मालक असाल तुमच्या घरी." चेंडू सुटला, आणि नांदेड जिल्ह्यातल्या सतरा शाळांचे सचिव मैदानाच्या मधोमध फतकल मारून बसले.

पुतण्या धावत निघाला होता, तो मध्येच थांबला. बजरंग सर एका सरळ रेषेत चालत आले, एकदा अण्णारावांकडे, एकदा शिवप्पांकडे वळले आणि दोघांना लाल कार्ड दाखवलं. सर नोकरीला अण्णारावांच्याच शाळेत आहेत. तरी कार्ड वर गेलं.

अण्णारावांनी जमिनीवरूनच मला विचारलं, "झालं का?"

"झालं, अण्णा."

"मग उठवा."

असा निलंबन सोहळा मराठवाड्यात पुन्हा होणे नाही. शिवप्पांनी अण्णारावांना हार घातला, अण्णारावांनी शिवप्पांना शाल पांघरली, उदगीरच्या मंडळींनी शिवप्पांच्या मेव्हण्याला खांद्यावर घेतलं, कारण शिवप्पा वजनदार होते. मग अण्णाराव बोलायला उभे राहिले. ते इतका वेळ बोलले की दोन निलंबित खेळाडूंची शिक्षा तेवढ्यात संपली असती. "शिस्तीपुढं सगळे सारखे," ते म्हणाले. "मालक असो का मजूर. तीन सामने म्हणजे तीन सामने. तोपर्यंत हा अण्णाराव या फाटकाच्या आत पाऊल टाकणार न्हाई. शब्द हाय माझा." टाळ्या पडल्या. भाषणाचा व्हिडिओ रात्रीतच सगळीकडे गेला, आणि स्टेशनजवळ फ्लेक्स लागला तो रामकिशनदादांच्या फ्लेक्सच्या दुप्पट.

गुरुवारी पुतण्यानं टर्फचं भूमिपूजन ठेवलंय, हे मला गुरुवारी सकाळी कळलं. मुहूर्त लातूर उठून गेलं त्याच दिवशी काढलेला होता. मी दुकान सोडून पळत गेलो. फाटकाशी पूजेचे गुरुजी, पाच कुदळी, रांगोळी, आणि पुतण्या नव्या सफारीत. संस्थेत साधा माठसुद्धा अण्णारावांनी नारळ फोडल्याशिवाय भरत नाहीत, त्यामुळं अण्णाराव आले होतेच. फाटक बंद होतं आणि आत वॉचमन ज्ञानोबा उभा होता.

"उघड की," पुतण्या म्हणाला.

"उघडतो. पण अण्णांना येता येणार न्हाई," ज्ञानोबा म्हणाला. "निलंबित हायत. परवा माईकवर स्वतःच बोलले."

"अरे, मैदान त्यांचं हाय."

"हाव. म्हणूनच कुलूप मी लावलं न्हाई. नुसतं सांगून राहिलो."

अण्णारावांनी फाटकावर हात ठेवला. रस्त्यावर दोन-चार माणसं थांबली होती, आणि त्यांतल्या एकानं फोन वर केला. अण्णारावांनी फोनकडे पाहिलं, मग समोरच्या वळणावर दिसणाऱ्या स्वतःच्या फ्लेक्सकडे पाहिलं. हात खाली घेतला.

पुतण्या म्हणाला, "काका, बाहेरून फोडा नारळ. काय फरक पडतो?"

गुरुजी म्हणाले, "भूमी आत आहे."

"नारळ गाडीत ठेव," अण्णाराव म्हणाले. "मी शब्द दिलाय. तीन सामने होऊ दे, मग बघू."

म्हणजे तीन रविवार. पुतण्यानं गुरुजींकडून पुढचा मुहूर्त तिथंच काढून घेतला : शेवटच्या सामन्यानंतरचा सोमवार. जाताना तो मला म्हणाला, "सुदर्शनभाऊ, तुमच्या लीगला शुभेच्छा. तीनच सामने राहिले, चांगले खेळून घ्या."

मी बजरंग सरांकडे गेलो. म्हणालो, "सर, अण्णाराव फाटकाबाहेर सोफ्यावर बसणार. त्यांनी एकदा जरी तुम्हाला काही बोललं तर शिक्षा वाढवता येईल. फाटकाजवळ एखादा निर्णय जरा चुकीचा द्या."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "मुद्दाम?"

"लीगसाठी."

"मुद्दाम चूक मी करणार न्हाई. माझ्या ज्या होतेत त्या आपोआप होतेत."

तेव्हा आमचा सगळा भरवसा सरांच्या आपोआप होणाऱ्या चुकांवर उरला. पहिल्या रविवारी सरांनी एकही चूक केली नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. मी त्यांचा इतका तिरस्कार आयुष्यात केला नव्हता. अण्णाराव आणि शिवप्पा फाटकाबाहेर एकाच सोफ्यावर शाली पांघरून बसायचे. पहिल्या दिवशी अण्णाराव झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे सगळे एकाच बाजूला कामून पळून राहिलेत?" आणि शिवप्पांनी, ज्यांना दुकानात एका लुगड्याचे सात पोत समजावून सांगायची सवय होती, त्यांनी ऑफसाइड समजावायला घेतलं. शेंगदाणे मांडून. हा शेंगदाणा बचावाचा, हा पुढचा, हा चेंडू. अण्णारावांनी मध्ये एकदा चेंडू खाऊन टाकला. पण संध्याकाळी बंगल्यावर त्यांनी जेवणाच्या ताटात भाकरीचे तुकडे मांडून बायकोला ऑफसाइड समजावला, असं त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

तिसरा रविवार. अर्धापूर विरुद्ध लातूर, अंतिम सामना. बरोबरी. रामकिशनदादा शिक्षा भोगून आत आले होते. पुतण्या सकाळपासून भिंतीजवळ उभा, आणि फाटकाबाहेर टर्फवाल्यांचा ट्रक येऊन लागलेला. संपायला थोडाच वेळ उरला होता. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं. रामकिशनदादांच्या एका पुतण्यानं फाटकाजवळून थ्रो केला. चेंडू सगळ्यांच्या पुढं एकट्या उभ्या असलेल्या जावयाकडे गेला, आणि जावयानं गोल मारला.

बजरंग सरांनी शिट्टी वाजवली आणि हात वर केला. ऑफसाइड.

भावकी गोंधळली. लातूरवाले खूश झाले. आणि फाटकाबाहेर सोफा करकरला.

"ए सर," अण्णारावांचा आवाज आला. "थ्रोला ऑफसाइड नसतो."

शिवप्पांनी त्यांचा कुर्ता धरला. "बसा ओ अण्णा, आपलाच फायदा झालाय. मी लातूरचा हाय."

"फायदा गेला खड्ड्यात. तुम्हीच सांगितलं मला शेंगदाण्यावर. थ्रोला नसतो म्हणून." अण्णारावांनी फाटक ढकललं. ज्ञानोबा "अण्णा, निलंबित," असं म्हणेपर्यंत ते आत आले होते. शाल जमिनीवरून घासत, चपला फटाफट वाजवत ते मैदान ओलांडून सरांच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले. "पंच हायस का बाजारातला दलाल? चौथीतल्या पोराला कळतं ते."

सरांचे ओठ हलले, ते मनात नियम म्हणत होते. मग त्यांचा चेहरा पडला. "चुकलं," ते म्हणाले. "गोल दिला." भावकी नाचायला लागली. रामकिशनदादांनी जावयाला उचललं, भिंतीवर व्याही उभे राहिले आणि आपलाच मुलगा तो, असं आजूबाजूच्यांना सांगायला लागले. त्या गलक्यात सरांनी खिशात हात घातला आणि पूर्ण उंचीवर लाल कार्ड धरलं. निलंबित असताना मैदानात प्रवेश. पंचाला अपशब्द.

मी माईककडे पळालो. हातात कालच आणलेला हार होता. काहीही घडलं तरी हार लागतोच. "समिती सहा सामने सुचवते," मी म्हणालो.

"सहात काय होतंय," अण्णाराव म्हणाले. ते अजून धापा टाकत होते. "पुढचा हंगाम पूर्ण टाक. हा माणूस थ्रोला ऑफसाइड देतो. ह्याच्यावर बाहेरून नजर ठेवायला कुणीतरी पाहिजे का न्हाई?"

पुतण्या भिंतीजवळून आला. "काका, ट्रक उभा हाय. उद्याचा मुहूर्त हाय. त्या लोकांना मी काय सांगू?"

अण्णारावांनी हारासाठी मान खाली केली.

"सांग, काका वर्षभर निलंबित हायत."